माथेरानात पाळलेलं सुतक

बदलापूरचा माणूस सहसा माथेरानला राहायला जात नाही. जो डोंगर रोज दात घासताना गॅलरीतून दिसतो, तिथे बॅगा भरून कशाला जायचं, असा आमच्याकडचा साधा विचार. सुट्टी म्हटली की आमच्या बिल्डिंगमधले लोक महाबळेश्वरला जातात, हातात चार पैसे जास्त असतील तर मनालीला जातात, आणि परत आल्यावर महिनाभर मनालीच सांगत बसतात. माथेरान म्हणजे घरचीच कोंबडी. आम्हीही गेलो नसतो. पण त्या मे महिन्यात आईला लांब जायचं नव्हतं. बोलावणं आलं तर दोन-तीन तासांत अंबरनाथला पोचता आलं पाहिजे, एवढी एकच अट तिने घातली होती.

अंबरनाथला तिची आई, म्हणजे माझी आजी, अंथरुणाला खिळून होती. जुन्या गावातलं शेतकऱ्याचं घर. शेतं कधीच कारखान्यांखाली गेली होती, राहिलं होतं ते पत्र्याचं छप्पर असलेलं घर, समोर अंगण आणि अंगणाबाहेर एक उंबर. तिथे मामा-मामी होते, दोघंही जिवाला जीव देणारी माणसं. पण आजीला आंघोळ फक्त लेकीच्या हातची चालायची. मामी तांब्या घेऊन आली की म्हातारी तोंड फिरवून घ्यायची. त्यामुळे आमचे डबे झाले की आई रोज बदलापूरहून अंबरनाथला जायची. आजीला न्हाऊ-माखू घालायची, पाठीला पावडर लावायची, चार केस होते त्यांची वेणी घालायची आणि संध्याकाळी परत यायची. असं बराच काळ चाललं होतं. आईच्या कमरेला पट्टा आला होता आणि जेवता जेवता ती झोपायला लागली होती.

शेवटी मामानेच तिला घराबाहेर काढलं. "ताय, आयच्या आधी तूच जाशील," तो म्हणाला. "जा चार दिस. आमी काय मेलोत काय इथं?" मामीने आजीच्या देखत शब्द दिला की रोज वेणी घालीन. आजीनेही मान हलवली. आता ती मान लेकीला होकार द्यायला हलवली की माशी हाकलायला, ते देव जाणे.

आम्ही वर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेली. बाबांना ते तेव्हाच कळलं. आईला कळलं ते डोंगर उतरताना, आणखी दोन दिवसांनी. मधला सगळा वेळ आम्ही सुट्टीवर होतो. मी त्या मधल्या वेळाबद्दल लिहिते आहे, आणि लिहिताना माझा आवाज चढला तर चढू दे. मी तेव्हा कॉलेजात होते, धाकटा भाऊ शाळेत. मला सगळं लख्ख आठवतं.

पहिला दिवस खरोखरचा चांगला होता. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली. पुढे गाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे तांबड्या मातीतून चालत निघालो. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. सुट्टीवरही त्यांची चाल प्लँटमधून राउंड मारल्यासारखी होती, पुढे पुढे, मागे हात बांधून. आई मात्र दर दहा पावलांवर थांबायची. "काय हवा आहे गं," म्हणायची आणि मोबाइल काढून मामीला फोन लावायची. लागायचा नाही. माथेरानला तेव्हा नेटवर्कचं रडगाणंच होतं. आमच्या लॉजच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभं राहिलं की कांडी-दोन कांडी यायची, म्हणून सगळं गिऱ्हाईक आळीपाळीने तिथे जाऊन ओरडून बोलायचं आणि वर माकडं बसून ऐकायची. आईने तिथून मामीशी बोलून घेतलं. आजीने पेज प्याली होती. मग आई खोलीत येऊन जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. तिला इतकी शांत झोपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. घरी ती झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या घालून असायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांचा फोन वाजला आणि ते भिंतीकडे गेले. त्या फोनवर काय झालं ते त्यांनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. मामा रडत होता. आजीने दुपारी पाणी मागितलं, प्याली, आणि मान टाकली. बाबा म्हणाले, आम्ही लगेच निघतो. तेव्हा मामा म्हणाला, "भावजी, तुमी पोचनार नाय. दिस बुडायच्या आत न्यायची म्हनतात मानसं. रातभर ठेवाला कोन तयार नाय, गरमी किती हाय. तुमी तिथून चालत खाली येनार कधी, गाडी भेटनार कधी? आनि आली, आनि तोंड बी नाय बघाला भेटलं, तं ती ऊर फोडून घेल रस्त्यातच. त्यापेक्षा ऱ्हाव दे. झोपू दे तिला दोन दिस. तिसऱ्याला घेऊन या."

याच्यात वाईट माणूस कुठे आहे, दाखवा मला. मी शोधून थकले. मामाने बहिणीच्या मायेपोटी सांगितलं आणि बाबांनी बायकोच्या मायेपोटी ऐकलं. पोचणार नसू तर कळवून काय उपयोग, हे दोन शहाण्या पुरुषांनी त्या भिंतीपाशी ठरवून टाकलं. पोचलो असतो की नसतो, हे मात्र कुणी प्रयत्न करून पाहिलं नाही. बाबांनी आईचा मोबाइल चार्जिंगला लावतो म्हणून घेतला आणि बंद करून आपल्या खिशात ठेवला. "मामाचा फोन होता," ते आईला म्हणाले. "सगळं ठीक आहे." नंतरही तिने फोनचं काढलं की म्हणायचे, मी बोलून घेतलंय, तू आराम कर.

संध्याकाळी सगळं माथेरान सूर्यास्त बघायला एका दिशेला निघालं होतं आणि बाबा आम्हाला उलट्या दिशेला घेऊन चालले होते. भाऊ कुरकुरला. बाबा म्हणाले, तिकडे गर्दी असते, मी तुम्हाला आपलं घर दाखवतो. खूप चाललो. शेवटी एका टोकाशी आलो, तिथून खाली आमच्याकडचा सगळा मुलूख पसरलेला होता. उन्हाळ्यामुळे नुसतं धुरकट. बदलापूरच्या बिल्डिंगी काड्यापेट्यांएवढ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे जे काही होतं ते अंबरनाथ आहे असं बाबा म्हणाले म्हणून मानायचं. बाबा घड्याळात बघत होते. मग अचानक म्हणाले, "चला, हात जोडा सगळ्यांनी. तिकडे अंबरनाथचा महादेव आहे. इथून नमस्कार करू."

आई हसायलाच लागली. आमचे बाबा म्हणजे पक्के नास्तिक नव्हते, पण देवाधर्माच्या बाबतीत कमालीचे आळशी. लग्न झाल्यापासून सासुरवाडीला शेकडो वेळा गेले असतील, पण त्या देवळात आईबरोबर गेले की चपला सांभाळत बाहेर थांबायचे. आई म्हणाली, "अहो, तिथे होता तेव्हा कधी आत आला नाहीत, आणि आता डोंगरावरून नमस्कार? महादेव ओळखेल तरी का तुम्हाला?" बाबांनी तिला खांद्याला धरून नीट त्या दिशेला वळवलं. "कर गं," म्हणाले. "माझं ऐक आणि कर." तिने हात जोडले, पण हसू आवरेना. खांदे गदगदत होते. मीही हसत होते. भावाने तेवढ्यात माझ्या फोनवर आमचा फोटो काढला. त्यात बाबांचे डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि आई हात जोडून तोंडभर हसते आहे.

त्या रात्री जेवताना बाबांनी वरण-भात मागवला. आमच्याकडे सुट्टी आणि कोंबडी ही जोडी कधी फुटली नव्हती. भाऊ तर दिवसभर चिकनचंच बोलत होता. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात बाधतं, आपण इथे आहोत तोवर साधंच खायचं. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही," ती म्हणाली. "मग काय झालंय तुम्हाला? डोंगर लागला की काय?" बाबा भात कालवत राहिले.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट, कारण तो सगळ्यात मजेचा होता. बाबा हात राखून खर्च करणारा माणूस. हॉटेलात चहा सांगितला तरी दोनात तीन करायचे. त्या दिवशी त्यांचा हात असा सैल सुटला की आम्हाला कळेचना. चिक्कीचे डबे घेतले, आईला कोल्हापुरी चप्पल घेतली, भावाला टोपी, मला पर्स. आई घासाघीस करायला लागली की म्हणायचे, असू दे गं, घे. मग घोडा. आईला त्यांनी घोड्यावर बसवलंच. ती नाही-नाही म्हणत चढली, आधी किंचाळली आणि मग तिला ते इतकं आवडलं की तळ्यापर्यंत तिने उतरायचं नाव काढलं नाही. बाबा घोड्याच्या बाजूने चालत होते, तिच्या पायाला हात लावून. लोकांना वाटलं असेल, काय प्रेमळ जोडपं. होतंच ते.

तळ्याच्या काठाला शंकराचं जुनं देऊळ आहे. आई घोड्यावरून उतरून थेट तिकडेच निघाली, तर बाबा आडवे आले. "आत नको. गर्दी आहे, बाहेरूनच बघ." गर्दी म्हणजे एक कुत्रं आणि दोन म्हाताऱ्या. "काल तर डोंगरावरून महादेवाला हात जोडायला लावलेत," आई म्हणाली, "आणि आज हा समोर आहे तर नको?" बाबा चिडले. इतके चिडले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने मग वाद घातला नाही. तिला वाटलं, कंपनीत काहीतरी झालं असणार. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांशी नीट वागा दोघं. त्यांच्या मनात काहीतरी आहे. सांगतील तेव्हा सांगतील." सबंध संध्याकाळ ती बाबांचीच समजूत काढत होती. स्वतः होऊन त्यांना आजीच्या गमती सांगत बसली. आजीने एकदा सरपंचाला कसं झाडलं होतं, आंब्यावर चढलेल्या पोरांना कसं बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं, ते सगळं. बाबा ऐकत होते, मध्ये मध्ये "अस्सं" म्हणत होते. त्यांच्या आयुष्यात त्याहून लांब संध्याकाळ आली नसेल. मला त्यांची कीव येते आणि तेवढाच रागही येतो.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो. बाबांच्या मनात होतं की नेरळला पोचल्यावर, चहा झाल्यावर, आईला एका बाजूला बसवून सांगायचं. शब्दही जुळवून ठेवले होते म्हणे. पण दस्तुरीला टॅक्सीत बसताना आईने स्वतःचा मोबाइल मागितला आणि बाबांना तो देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने तो चालू केला. घाटात नेटवर्क येतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर आईच्या हातातला मोबाइल वाजायला लागला. एकामागून एक, थांबेचना. "एवढं कुणाचं काय आलंय," आई म्हणाली. चष्मा सामानात होता. तिने मोबाइल माझ्याकडे दिला. "वाच गं."

आईच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजीचा फोटो होता. आधार कार्डावरचा, त्याला कुणीतरी मोबाइलमधूनच हार घातलेला आणि खाली दिवा. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात, जोडलेले हात. किती माणसांनी लिहिलं होतं, देव जाणे. मी पुढच्या सीटकडे पाहिलं. बाबा मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ह्यांना माहीत आहे. आईने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला. फोटो ओळखायला चष्मा लागत नाही.

"कधी?" तिने विचारलं. मला नाही, बाबांना.

"परवा. दुपारी."

टॅक्सीवाल्याने गाडी हळू केली, बिचाऱ्याला कळलं होतं. आई म्हणाली, "चला, थांबू नका." मग तिने मांडीवरची चिक्कीची पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. नेरळपासून अंबरनाथपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. बाबा एकदाच म्हणाले, "पोचलो नसतो गं आपण." तिने मान वळवली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मामाच्या घरचं रडून झालं होतं. ही गोष्ट मला त्याआधी ठाऊक नव्हती, की रडण्यालाही वेळ असते. दोन दिवस त्या घरात बायकांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं, आजीचे गुण गाऊन झाले होते, घसे बसले होते. आता अंगणात कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी दहाव्याला भटजी कुठला सांगायचा ते बोलत होतं. आईला बघून सगळ्या उठल्या. एकीने गळा काढला, पण तो पाहुण्याला चहा विचारावा तसा. दोन हुंदके देऊन तीही थांबली. आजीची खाट नव्हती. तिथली जमीन सारवून काढली होती. आई त्या ओल्या जागेकडे बघत उभी होती.

"पाणी कोणी पाजलं?" तिने विचारलं.

मामी पुढे आली. "मीच पाजलं, ताय. तुजं नाव घेऊन पाजलं. म्हनलं, आय, ही तुजी लेक पाजतं." आणि ती आईच्या पायाशी बसली. मामाही आला, तोही पायाशी बसला. आईने दोघांना उठवलं. तिने भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "जेवलास का?"

अस्थींचं मडकं अंगणाबाहेर उंबराला टांगलं होतं, फडक्यात बांधून. आई तिथे गेली. एक म्हातारी म्हणाली, "बाय, हात नको लावू." आईने ऐकलं नाही. तिने दोन्ही हातांनी मडकं खालून धरलं, आजीला कूस बदलायला लावताना धरायची तसंच. बराच वेळ उभी होती. रडली मात्र नाही. आम्ही सगळे वाट बघत होतो तिने रडावं म्हणून. बाबा तर उंबराच्या पलीकडे नुसते ताटकळत होते, की ती आता कोसळेल आणि आपण धरू. कशाची कोसळते. पदर नीट केला आणि मामीबरोबर भाकऱ्या करायला बसली.

बोलली ती घरी आल्यावर, आठवडाभराने. भाजी चिरत होती. बाबा पेपर वाचत होते. विळीवरून वर न बघता म्हणाली, "वर कोंबडी का नाही घेतलीत?" बाबांनी पेपर खाली ठेवला. "आणि देवळात का नाही जाऊ दिलंत?"

बाबांनी सांगितलं. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं तीन दिवस सुतक असतं, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. बाकी कुणाला किती लागतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच पाळायला लावलं. तुला दोष लागू नये म्हणून, ते म्हणाले. नाहीतर नंतर तुलाच वाईट वाटलं असतं, की आई गेली आणि मी मांसमच्छी खाल्ली, देवळात शिरले.

"म्हणजे माझ्या आईचं सुतक तुम्ही पाळलंत," आई म्हणाली. "आणि मी घोड्यावर बसले."

बाबा मग घाईघाईने, लहान मुलासारखे, आपली बाजू मांडायला लागले. मी अगदीच काही केलं नाही असं नाही, म्हणाले. त्या संध्याकाळी मी तुला त्या टोकाला नेलं, अंबरनाथच्या दिशेला उभं केलं, नमस्कार करायला लावला. मामाने वेळ सांगितली होती. अग्नी द्यायच्या वेळेला तू हात जोडून उभी होतीस.

आईने विळी बंद केली. "तो मी महादेवाला केला होता," ती म्हणाली. "आईला नव्हता केला. आणि मी हसत होते."

त्यानंतर त्या विषयावर ती दोघं बोलली नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. आमचं घर मोडलं वगैरे नाही. आई बाबांचे डबे करत होती, त्यांच्या बी.पी.च्या गोळ्या काढून देत होती, त्यांच्यावर पूर्वीसारखीच खेकसतही होती. पण सुट्टी संपली ती संपलीच. दर मे महिन्यात बाबा चाचरत विचारायचे, कुठे जाऊ या का चार दिवस. आई म्हणायची, घर कोण बघणार. घर बघायला काय होतं, दोन खोल्या आणि एक तुळस. पुढे त्यांनी विचारायचंही सोडलं. गॅलरीतून डोंगर दिसायचा, तो तिने मनी प्लँटचे वेल चढवून हळूहळू झाकून टाकला.

आणखी एक नियम तिने घालून दिला, तोंडाने न सांगता. आमच्या घरात वाईट बातमी गरमागरम वाढायची. भाऊ गणितात नापास झाला तेव्हा मी ते दोन दिवस दाबून ठेवलं, तर आईने त्याला सोडलं आणि मला धरलं. पुढे मी नोकरीला बंगळुरूला गेले. तिथेही तिचे फोन यायचे, शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेलंय, बाबांची शुगर वाढली आहे, मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मीटिंगमध्ये असले तरी सांगायचीच. माझा नवरा चेष्टेने म्हणायचा, तुझी आई म्हणजे आमचं न्यूज चॅनेल. मी हसायचे. आणि चांगल्या माणसांचा मला तेव्हापासून जो धसका आहे तो अजून गेलेला नाही. तुझ्या भल्यासाठी म्हणून कुणी काही लपवलं की मी अंगावर जाते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाबा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता गेले, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. "बाबा गेले," ती म्हणाली. "आत्ताच. तू नीघ." आधी बस, पाणी पी, जवळ कोण आहे, असलं काही नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. तरी मला आठवतं, त्या क्षणी मी तिचे आभार मानले होते मनात.

सुट्ट्यांच्या गर्दीत त्या दिवशी विमानाचं काही जमेना. मिळालं ते दुसऱ्या दिवशी पहाटेचं. इकडे काका आले होते, बिल्डिंगमधले जाणते लोक जमले होते. सगळ्यांचं म्हणणं तेच, उकाडा आहे, दिवस मावळायच्या आत उरकू या, मुलगा आहे ना इथे, अग्नी तोच देणार, मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवू. हे सगळं भावाने मला नंतर सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "थांबायचं." काका समजावायला लागले. "माझी लेक निघाली आहे," आई म्हणाली. "ती येईपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही." भावाने उल्हासनगरहून शीतपेटी मागवली. आई पेटीजवळून हलली नाही.

मी सकाळी पोचले. जिन्यात चपलाच चपला. आईने मला दारात बघितलं आणि पेटी उघडायला लावली. मग वाटीतलं पाणी आणि तुळशीचं पान माझ्या हातात दिलं. "पाज," म्हणाली. बाबांचे ओठ गार होते. पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळलं, आईने ते पदराने टिपलं. मी बाबांना काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मला वेळ मिळाला. मी त्यांचे पाय धरले, हात धरले, रडले, आणि माझ्याबरोबर रडायला सगळं घर होतं.

मग आई रडायला लागली. आधी हळू, तोंडावर पदर घेऊन, आणि मग एकदम मोठ्याने, गावाकडच्या बायका रडतात तशी, छाती पिटून, हेल काढून. बाबांच्या उशाशी बसून ती बाबांना हाक मारत नव्हती. "आये," म्हणत होती, "आये गं, थांबली नाय गं माज्यासाठी. तुजी वेनी राहिली गं आये." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या काकू पाणी घेऊन धावल्या. मला म्हणाल्या, "अगं, धक्का बसलाय तिला. भान नाही राहिलं, काय बोलतेय कळत नाहीये. गप्प कर तिला."

मी त्यांच्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला. म्हटलं, रडू द्या काकू, तिची आई गेली आहे.